छातीचं ऑपरेशन

रिपोर्ट आला त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त राग कौसल्येला आला होता, आणि तो आजारावर नव्हता, डॉक्टरवर होता. यवतमाळच्या दवाखान्यात आधी तिलाच तपासायला घेतलं होतं.

तसा त्यात कोणाचा दोष नव्हता. स्तनांच्या तपासणीच्या खोलीबाहेर बाकांवर सगळ्या बायका. त्यांच्यात बळीराम एकटा पुरुष, आणि तोही अशा तोंडानं बसला होता, की बायकोला सोडायला आलोय आणि माझी गाडी सुटायची वेळ झालीय. आतून आडनाव पुकारलं तेव्हा तो उठला नाही, म्हणून कौसल्या उठली. शिकाऊ डॉक्टरीणबाईनं तिला पडद्यामागे नेलं, पोलकं काढायला लावलं, हात वर करायला लावले. कौसल्येला वाटलं, नवऱ्याचा आजार असला की बायकोलाही तपासत असतील. बाईनं दोन्ही बाजू नीट चाचपल्या आणि म्हणाली, "आजी, गाठ कुठे आहे? मला तर काही लागत नाही."

"माह्या अंगात कायले लागन?" कौसल्या म्हणाली. "गाठ त्याइले हाये. ते बाहेर बसले हायेत."

बाईनं पडदा सारून बाहेर पाहिलं. बळीराम भिंतीवरचं चित्र वाचत होता. आईच्या दुधाचे फायदे.

बळीराम एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. पांढरकवड्याहून झरी जामणीकडे जाणाऱ्या गाड्या त्यानं जन्मभर चालवल्या, आणि त्या रस्त्यावरची माणसं अजूनही त्याला पाहून हात दाखवत, मग तो सायकलवर का असेना. निवृत्तीनंतर तो आर्णीला, स्वतः बांधलेल्या घरात राहायला आला. डाव्या छातीचं बोंड आत ओढलं गेलंय आणि मागे सुपारीएवढं काहीतरी टणक लागतंय, हे त्याला उन्हाळ्यापासून माहीत होतं. स्टेअरिंग घासून घासून झालं असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. पुढे बनियनवर रक्ताचा ठिपका पडायला लागला, तेव्हा तो वरून चिकटपट्टी लावू लागला. कौसल्येनं विचारलं तर म्हणाला, पान खाल्लं.

हे उघडकीला आणलं रूपालीनं. रूपाली त्याची मुलगी, आर्णीतच दिलेली. तिचं लेडीज टेलरचं दुकान होतं, पण बापाचे शर्ट तीच शिवायची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचं म्हणून पांढरा शर्ट शिवायला घेतला होता. तिनं टेप छातीवरून गुंडाळून ओढला आणि बळीराम कळवळला. रूपालीनं टेप बाजूला ठेवला आणि काही न विचारता बापाच्या शर्टाची बटणं उघडली. पट्टी काढली. पाहिलं. परत लावली.

"आईले सांगू नको," बळीराम म्हणाला.

"आईलेच घेऊन जाऊ संगं," रूपाली म्हणाली.

दवाखान्यात मग सोनोग्राफी झाली. नंतर गाठीतून जाड सुईनं तुकडा काढला. त्या यंत्राचा फाटकन आवाज झाला तेव्हा बळीरामला वाटलं, टायर फुटला. डॉक्टर समीक्षा मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी सरळ सांगितलं, की स्तनाचा कर्करोग आहे. पुरुषांना तो क्वचित होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. छातीची ती बाजू बोंडासकट पूर्ण काढावी लागेल.

"शंभरात एक," बळीराम म्हणाला. "मंग मीच काहून?"

"कोणीतरी असतोच, काका."

बळीरामनं रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली.

*

रविवारी सगळे आर्णीच्या घरी जमले. थोरला धम्मदीप पांढरकवड्याहून आला, बारावीतल्या लेकीला, उर्वशीला घेऊन. तो झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर होता आणि घरातलं कुठलंही संकट तो फळ्यावर लिहिल्यासारखं मांडत असे. धाकटा संघर्ष पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं आला होता. कंपनीत होता, कोणती कंपनी ते घरात कोणालाच नीट सांगता येत नसे. बळीराम दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पह्यली गोष्ट," धम्मदीप म्हणाला, "हे घराबाहेर जायले नाही पाहिजे."

"कोन? बाबा?" संघर्षनं विचारलं.

"नाव. आजाराचं नाव."

"लपवाचं काय त्याच्यात?"

"तू पुण्यात राह्यतं. मले रोज स्टाफरूममधी बसा लागते." धम्मदीपनं आवाज खाली आणला. "मी इचार केला हाये. छातीचं ऑपरेशन हाये म्हनायचं. छातीचं म्हटलं का लोकं आपोआप हार्ट समजते. आपन कायले खोटं बोलून राह्यलो? ते समजले, त्याले आपन काय करनार?"

"अन् किती ब्लॉकेज इचारले तं?"

"डाव्या बाजूलेच हाये नं गाठ. हार्टबी डावीकडेच राह्यते."

स्वयंपाकघराच्या दारातून कौसल्या म्हणाली, "हार्टचं बरं हाये. त्या सरपंचाले बी हार्टच झालतं. लोकं पाहाले आले तं मानानं बसते तरी."

रूपाली कणीक मळता मळता बाहेर आली. "आई, तू पन?"

"मी काय चुकीचं बोलली? उद्या चार बाया येतीन अन् माह्याकडं पाहून हासतीन. नवऱ्याचं असं काढलं, हिचं जागेवर हाये."

उर्वशी मोबाईलमध्ये तोंड घालून हसली. धम्मदीपनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती मागच्या खोलीत गेली.

संघर्षचं म्हणणं वेगळंच होतं. तो दोन दिवस फोनवर वाचत होता. असा आजार इथे कोणी पाहिलेला नसणार, मुंबईला न्यावं, निदान नागपूरला. रूपाली म्हणाली, मॅडमनं अशी कितीतरी ऑपरेशनं केली आहेत.

"बायांची," धम्मदीप म्हणाला.

"मंग? गाठीले का माहीत राह्यते, आपन कोनाच्या अंगात हाओत?"

असं ते बराच वेळ चाललं. नावाच्या बाबतीत आई आणि धम्मदीप एकीकडे, रूपाली आणि संघर्ष दुसरीकडे. गावाच्या बाबतीत संघर्ष एकटा, आणि धम्मदीप व रूपाली एकत्र. पण धम्मदीपला यवतमाळ जवळ म्हणून हवं होतं आणि रूपालीला मॅडम आवडल्या होत्या म्हणून. आवाज चढायला लागले तेव्हा बळीराम खुर्चीतून म्हणाला, "मी ऑपरेशन करत नाही."

तिघं एकदम त्याच्याकडे वळले. बापाविरुद्ध तिघांचं एकमत होण्याची वेळ रूपालीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती.

"काहून?"

"दुखत नाही, खुपत नाही. सत्तरीले आलो. आता बाईमानसाचा आजार घेऊन त्या बाकावर बसू का मी? जितके दिवस जाईन तितके जाईन."

"बाबा, हे वाढते," संघर्ष म्हणाला. "पसरते."

"पसरू दे. मले कुठं जायाचं हाये?"

कोणी काही बोलायच्या आत कौसल्येचा आवाज आला. ती अजून दारातच उभी होती, पण आता तिनं चौकट धरली होती.

"वच्छलाबाई बी असंच म्हने."

वच्छला ही बळीरामची मोठी बहीण. झरीकडच्या एका खेड्यात दिलेली. पोरांना ती फोटोतून माहीत होती, आणि ती काविळीनं गेली एवढंच माहीत होतं.

"तिले कावीळ होती," बळीराम म्हणाला.

"कावीळ शेवटी झाली. आधी छातीले गाठ होती. मी धुतले तिचे कपडे, तुम्ही नाही धुतले." कौसल्येचा आवाज चढला नाही. "डॉक्टरीणबाईनं इचारलं, घरात कोनाले झालतं का. तुम्ही तोंड वर करून नाही म्हनले. मी तवा चूप राह्यली. चारचौघात नवऱ्याले खोटं पाडा लागू नये म्हून. घरात मी चूप राहात नाही."

बळीराम समोर पाहत राहिला. वच्छला त्याच्याच गाडीनं यायची. पांढरकवड्याच्या दवाखान्यात जायचं म्हणून येई, आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर बसे. पदर छातीशी गच्च धरलेला. पहिल्यांदा त्याला वाटलं, तिला थंडी वाजतेय. नंतर वास यायला लागला. मागची माणसं खिडक्या उघडायची, आणि आपली बहीण आहे हे त्यांना कळू नये म्हणून तो आरशात पाहायचा नाही. एकदा त्यानं विचारलं, ताई, दवाखान्यात दाखवतं का नाही? ती म्हणाली, तिथं पुरुष डॉक्टर हाये, त्याले काय दाखवू. मग ती पांढरकवड्याला उतरायची, बाजारात बसायची, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. हे त्याला ती गेल्यावर कळलं.

तो एवढंच म्हणाला, "तिले कोनी नेलं नाही."

रूपालीच्या हाताला कणीक लागली होती. ती तशीच बापासमोर खाली बसली. आतेला होतं, बापाला आहे. पुढची ओळ कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. तिला भीती वाटली, आणि भीतीबरोबर रागही आला, कारण हे तिला कणीक मळताना कळत होतं.

"बाबा, मॅडमनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "घरात आधी कोनाले झालं असन तं रक्ताची एक तपासनी राह्यते. पह्यले तुमची कराची, त्यात काही निघालं तं मंग आमची. आता आयका. उद्या माह्या अंगात अशीच गाठ निघाली, तं तुम्ही जे करान तेच मी करीन. तुम्ही काढून घेतली तं मी काढून घेईन. तुम्ही खुर्चीत बसून राह्यले, तं मी मशीनवर बसून राहीन."

"कोनत्या मशीनवर?"

"शिलाईच्या."

बळीरामनं तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. लहानपणीही ही पोरगी धमकी द्यायची नाही. करायची.

"सकाळी पह्यली गाडी धरू," तो म्हणाला. "मागून जागा भेटत नाही."

*

ऑपरेशनच्या आधी समीक्षा मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. पुरुषाच्या छातीत मांस कमी असतं, म्हणून गाठ लवकर वर कातडीला आणि खाली स्नायूला भिडते. ती पोचायच्या आत काढायची. आणि रोग पसरलाच तर आधी काखेतल्या गाठींत जातो, म्हणून बोंडाच्या बाजूला एक रंग टोचायचा. तो वाहत काखेत जाईल. जी गाठ आधी रंगेल तीच काढून तिथल्या तिथे तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"कोनता रंग?" बळीरामनं विचारलं.

"निळा. लघवी एकदोन दिवस निळसर हिरवी होईल. घाबरू नका."

"निळ्याले आमी कायले घाबरू मॅडम?" बळीराम म्हणाला. "घरचाच रंग हाये."

मॅडम हसल्या नाहीत, पण आत जाताना त्यांनी नर्सला ते सांगितलं असावं, कारण नर्स हसत बाहेर आली.

कौसल्या बाकावर बसून मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होती. संघर्ष येरझाऱ्या घालत होता. धम्मदीपला फोन आला. बापाचा जुना कंडक्टर नेमसिंग. हार्टचं कसं चाललं म्हणून विचारत होता. धम्मदीप म्हणाला, चालू आहे. नेमसिंगनं विचारलं, बायपास का? धम्मदीपनं रूपालीकडे पाहिलं. रूपाली दुसरीकडे पाहू लागली.

"हो," धम्मदीप म्हणाला. "बायपास."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा चौघंही उठून उभे राहिले. गाठ पूर्ण निघाली होती. स्नायूला चिकटलेली नव्हती. काखेतली निळी गाठ स्वच्छ होती. सगळ्यात आधी रडला तो धम्मदीप. पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून. संघर्षनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुंबईचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

*

घरी आणल्यावर खरी अडचण सुरू झाली. बळीरामच्या काखेखालून एक नळी निघत होती आणि तिच्या टोकाला पाणी जमा व्हायचा डबा होता. तो डबा पिशवीत घालून बळीराम गळ्यात अडकवून फिरे. भेटायला लोक येत. सगळे हार्टचे जाणकार. कोणी तेल बंद करा म्हणालं, कोणी मटणाचं नाव काढू नका. मीठ तर विषच, यावर सगळ्यांचं एकमत. लोकांसमोर खोटं पडू नये म्हणून कौसल्येनं खरोखरच मीठ बंद केलं. शेजारीण स्वयंपाकघरात डोकावते, म्हणाली. अळणी वरण आणि अळणी भाजी. बळीरामला डॉक्टरनं काय वाटेल ते खा म्हटलं होतं, आणि तो घरात उपाशी मरत होता.

नेमसिंग आला तेव्हा जेवणाची वेळ होती. त्याच्या तांड्यावरून तो मोटरसायकलवर कोणाच्या तरी मागे बसून आला होता. दोघांनी एका गाडीवर आयुष्य काढलेलं. नेमसिंगनं ताटाकडे पाहिलं, बळीरामकडे पाहिलं.

"मीठ नाही?"

"नाही."

"जिंदगी गेली मंग," नेमसिंग म्हणाला.

बळीरामनं घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला. "नेमसिंग, मले हार्टचं काही नाही. छातीचा कॅन्सर होता. बायांले होते तो. डावीकडची बाजू काढून टाकली."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

नेमसिंगनं थोडा विचार केला. "पाहू."

बळीरामनं शर्ट उघडला. नेमसिंग पुढे वाकून, तिकीट तपासावं तसं पाहत राहिला. काखेपासून छातीच्या मधोमधपर्यंत टाक्यांची आडवी रेघ. बोंड नाही. बाकी जागा सपाट.

"बायपासची रेघ उभी राह्यते, मधात," तो म्हणाला. "हे आडवी हाये. तुले दूध येत होतं का?"

"नाही."

"मंग ठीक हाये." नेमसिंग मागे टेकला. "अरे, आमच्या तांड्यात एक बाई याच्यातच गेली. तिचा नवरा सांगे, भानामती हाये. तू वाचला, हे सांग लोकाइले. बायपासचं काय सांगतं? बायपास कोनाचंबी होते."

"कौसल्या," बळीरामनं हाक मारली. "मीठ आन."

मीठ आलं. कौसल्येनं ते ताटात वाढलं नाही, आपटलं. पण वाडगंभर आणलं होतं.

नेमसिंगला सांगितलेली गोष्ट रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्याला कळते, हे सगळ्यांना माहीत होतं. आठवड्याच्या आत ती धम्मदीपच्या स्टाफरूममध्ये पोचली. एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता विचारलं, सर, ते पुरुषांनाही होतं म्हणतात, खरं का? धम्मदीपनं फोनवर बापाला एवढंच म्हटलं, "तुम्हाले माहा एक शब्द ठेवता आला नाही." नंतर तो बरेच दिवस आर्णीला आला नाही. कौसल्या थोरल्याची बाजू घेऊन अबोला धरणार होती, पण तिला वेळ मिळाला नाही. लोक येतच होते. आता बायाही यायला लागल्या, आणि त्या बळीरामला भेटून झालं की हळूच स्वयंपाकघरात शिरत. कौसल्येला आधी कोणत्या बाजूनं हात फिरवून गाठ शोधायची हे त्यांना सांगावं लागे. तिला ते येत होतं. ती स्वतः तपासून आली होती.

मॅडमनी रोजची एक गोळी लावून दिली होती, पाच वर्षं घ्यायची. ती सुरू झाल्यावर बळीरामला ऐन थंडीत दरदरून घाम फुटू लागला. मानेपासून गरम वाफ वर चढे, कान लाल होत, आणि मिनिटभरात सगळं थंड. तो घाबरून उठून बसे.

"काय होऊन राह्यलं मले?"

कौसल्येनं पंखा लावला. "मले पंचेचाळिशीत असंच होत होतं. तुम्ही म्हनत होते, नखरे हायेत."

बळीराम पंख्याखाली बसून राहिला. तिनं त्याला ओला पंचा आणून दिला, आणि त्या रात्री तिला फार चांगली झोप लागली.

*

रक्ताच्या तपासणीत बळीरामच्या एका जीनमध्ये दोष निघाला. मॅडमनी सांगितलं, तो मुलाला आणि मुलीला सारखाच येऊ शकतो. आला म्हणजे आजार होईलच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. रूपालीनं लगेच रक्त दिलं. संघर्ष फोनवर म्हणाला, पुढच्या खेपेला आलो की देतो. ती खेप लांबतच गेली. धम्मदीप यायला तयार नव्हता. रूपालीनं त्याला फोन केला.

"दादा, तुह्यासाठी नको देऊ. उर्वशीसाठी दे."

तो यवतमाळला जाऊन रक्त देऊन आला. आर्णी तिथून जवळ, पण घरी आला नाही.

रूपालीच्या रक्तात काही निघालं नाही. धम्मदीपच्या निघालं.

तो आला तेव्हा उन्हं तापलेली होती आणि बळीराम मधल्या खोलीत पडून होता. धम्मदीप हेल्मेट हातात घेऊन उभाच राहिला. कौसल्येनं पाणी दिलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"रूपालीले नाही निघालं," धम्मदीप म्हणाला.

"सांगितलं तिनं. तिलेच रडू येऊन राह्यलं. म्हने, दादाले निघालं, माह्या वाट्याचं."

"असं वाटे नाही राह्यत बाबा त्याचे."

"मले माहीत हाये. तिले सांग."

धम्मदीप खाटेच्या कडेवर बसला. शाळेत पोरांना सगळं समजावून सांगणारा माणूस, पण आता त्याला सुरुवात सापडत नव्हती. मॅडमनी त्याला नीट सांगितलं होतं. घाबरायचं काही नाही. वर्षातून एकदा येऊन दाखवायचं. प्रोस्टेटचीही तपासणी करत राहायची. उर्वशीची आत्ता नको, मोठी झाली की तिचं तिला ठरवू दे. तो सगळं ऐकून मान हलवत बाहेर आला होता आणि गाडी सुरू करताना चावी कोणत्या खिशात आहे हे त्याला आठवलं नव्हतं.

"उर्वशीले सांगू का?" त्यानं विचारलं.

"सांग. तिनं दुसऱ्याच्या तोंडून आयकायच्या आधी सांग."

"काय म्हनू?"

"जे हाये ते म्हन. कावीळ म्हनू नको."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. बळीरामनं सवयीनं कान दिला, गिअर बदलताना घासला तसं तोंड वाकडं केलं, आणि उठून बसला. धम्मदीप अजून हातातलं हेल्मेट फिरवत होता.

"ते महिन्यातून एकदा हातानं पाहाचं हाये," तो खाली बघत म्हणाला. "मॅडमनं दाखवलं, पन तिथं माह्यं ध्यान नव्हतं. मले समजलं नाही."

"हेल्मेट ठेव," बळीराम म्हणाला. "शर्ट काढ."

त्यानं स्वतःचाही काढला. कपाटाच्या आरशासमोर दोघं उभे राहिले. एकाची छाती केसाळ आणि भरलेली, दुसऱ्याची एका बाजूनं सपाट, आडव्या रेघेची, आता पांढरी पडलेली. धम्मदीपनं ती जागा पहिल्यांदाच उघड्यावर पाहिली. ऑपरेशननंतर तो दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्यानं नजर डब्याच्या पिशवीवर ठेवली होती. आता तो पाहत राहिला. बळीरामनं त्याला पाहू दिलं.

"डावा हात डोक्यामागं," बळीराम म्हणाला. "उजव्या हाताचे तीन बोटं. टोकं नाही, पेरं. काखेपासून सुरू कर. गोल, गोल. हां. मंग बोंडाच्या मागं पाह्य. माह्यी तिथंच होती."

कौसल्या चहा घेऊन दारात आली. नवरा आणि मुलगा आरशापुढे उघडे उभे होते, आणि मुलगा स्वतःची छाती चाचपत होता. ती क्षणभर थांबली. मग दोन्ही कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवले, आणि कोणी येऊ नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं.

"इथं काही लागून राह्यलं," धम्मदीप म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

बळीरामनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःची बोटं तिथे ठेवली. डोळे मिटले. बोटं हळूहळू गोल फिरवली.

"बरगडी हाये."

"नक्की?"

"दुसऱ्या बाजूले पाह्य. तिथंबी हाये."

धम्मदीपनं पाहिलं. तिथंही होती. त्यानं श्वास सोडला आणि पुन्हा हात लावला, घाईघाईनं, सगळं एकदाच हुडकून मोकळं व्हावं असा.

"जोरानं नको दाबू," बळीराम म्हणाला. "गाठ पाहून राह्यला, हॉर्न नाही वाजवून राह्यला."

धम्मदीपनं हात हलका केला आणि पुन्हा काखेपासून सुरुवात केली.